पत्र्याच्या फोटोतला हात

माझ्या घरातल्या एका लाकडी कपाटात दोनशेच्या वर माणसं राहतात आणि त्यांतल्या एकाशीही माझं नातं नाही. माझी सून त्या कपाटाला 'आईंचं सासर' म्हणते. घरी पाहुणे आले की विचारतात, हे कोण? ते कोण? मी म्हणते, मला काय माहीत बाप्पा, मीही तेच शोधून राहिले. मग पाहुणे गुपचूप चहा पितात आणि कापसाच्या भावावर बोलायला लागतात.

इंग्लंडच्या राणीच्या काळातले, स्टुडिओत बसून काढलेले फोटो मी गोळा करते. १९०१ साली ती राणी मेली तिथं माझा संग्रह संपतो. नंतरचा फोटो कोणी फुकट दिला तरी घेत नाही, कारण कुठंतरी थांबायला नको? जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, सोनेरी कडेचे, तळहाताहून थोडे मोठे फोटो असतात हे. मागं रंगवलेला पडदा, त्यावर कठडा, तळं, आणि आमच्या घाटावरच्या मुलखात कुणी जन्मात पाहिला नसेल असा महाल. पुढं कोरीव खुर्ची, तिपाईवर फुलदाणी. आणि एवढ्या थाटात मधोमध बसलेला खामगाव नाही तर मलकापूरकडचा एखादा अडत्या, डोक्याला पागोटं, आणि चेहरा असा की आत्ता कोणी इंजेक्शन देणार आहे.

मला ही माणसं फार आवडतात. उगाच नाही सांगत. जन्मात एकदा फोटो काढायचा, तोही न हलता, श्वास धरून; त्या एका श्वासात माणूस आपलं सगळं घालून ठेवतो. भिंग घेऊन बसलं की दिसायला लागतं. डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत, त्या चिमट्याच्या स्टँडचे पाय माणसाच्या वहाणांमागं दिसतात. बाईच्या गळ्यातल्या दागिन्यांवर स्टुडिओवाल्यानं ब्रशनं सोनेरी रंग चढवलेला असतो, कधी कधी नसलेला दागिनाही काढून दिलेला असतो. एकच काळा कोट तीन वेगवेगळ्या फोटोंत तीन माणसांच्या अंगावर मी पकडला आहे. कोट स्टुडिओचा. एकाला तो दंडात घट्ट, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत लांब. तिसऱ्याला मात्र असा बसलाय की मला वाटतं त्याला तो परत करताना जिवावर आलं असेल.

मी बुलढाण्याच्या कोर्टात तीस वर्षं नकला काढल्या. साक्षीदार काय म्हणाला, उलटतपासणीत कुठं अडखळला, वकिलानं त्याला कसं धरलं, हे सगळं शब्द न शब्द उतरवायचं. त्या नोकरीनं मला पेन्शन दिली आणि एक खोड दिली. माणूस सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, समोर वस्तू काय आहे ते बघायचं. त्यात माझा स्वभाव तापट. मी बोलायला लागले की समोरच्याला वाक्य पुरं करायला फट मिळत नाही, असं घरचे सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. या खोडीनं आणि या स्वभावानं मिळून मी एका म्हाताऱ्या बाईचं काय केलं, ते सांगायला मी बसले आहे.

माझे बहुतेक फोटो आले ते एका भंगारवाल्याकडून. त्याचं दुकान आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. जुनी घरं पाडली की चौकटी, खिडक्या, पितळी कड्या, फुटके पंखे असं सगळं त्याच्याकडे येतं. तसबिरीही येतात. लोक त्याला म्हणतात, आमचे पूर्वज घेऊन जा बाबा, नव्या फ्लॅटमध्ये भिंत नाही. तसबिरीतली चौकट आणि काच त्याच्या कामाची. आतला माणूस तो पूर्वी फेकून द्यायचा. मी एकदा त्याला तसं फेकताना पाहिलं आणि भर रस्त्यात त्याच्यावर ओरडले. तो मला 'आपा' म्हणतो आणि मी त्याला 'भाई', ते त्या दिवसापासून. आमचं ठरलेलं आहे: चौकट त्याची, माणूस माझा.

चार वर्षांपूर्वी भाईकडे मलकापूरच्या एका बंद पडलेल्या दुकानातलं सामान आलं. त्यात एका डब्यात सात फोटो निघाले, आणि ते पुठ्ठ्यावरचे नव्हते, पत्र्यावरचे होते. काळ्या रंगाचा पातळ लोखंडी पत्रा, पत्त्याएवढा, कडेला गंजलेला, आणि त्यावर माणूस. जत्रेत, बाजारात तंबू ठोकून बसणारे फोटोवाले तेव्हा असे फोटो काढून देत, उभ्याउभ्या, थोड्याच वेळात. माझ्याकडे तोवर पत्र्याचा एकही नव्हता. भाईचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते; तसेच हात धुऊन निघाले.

भाईची आई तेव्हा त्याच्याकडे आलेली होती. अम्मा एरवी धामणगाव बढ्याला, मोठ्या मुलाकडे राहतात. नव्वदी गाठलेल्या, वाळक्या, ताठ. बुलढाण्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. मोतीबिंदू काढून महिना झाला होता आणि काळा चष्मा जाऊन साधा आला होता. दुकानामागच्या खोलीत बाजेवर बसून त्या नव्या डोळ्यांनी सगळं पाहत होत्या, अगदी भिंतीवरची पालसुद्धा कौतुकानं. भाईनं ते सात पत्रे त्यांना करमणूक म्हणून दाखवायला दिले होते.

मी आत शिरले तर अम्मांनी एक पत्रा छातीशी धरलेला.

"अव बाई, पाय त! हे माहे दादाअब्बा व!" दादाअब्बा म्हणजे त्यांच्या वडिलांचे वडील. "अब्बाच्याही लग्नाच्या आधीचे. पाय, कसे जवान दिसून राह्यले!"

मी पत्रा हातात घेतला आणि भिंग काढलं. पंचविशीतला माणूस. अंगावर मोठा कोट, डोक्याला फेटा. एक हात कोटाच्या खिशात. दुसरा हात समोर तिपाईवर पसरून ठेवलेला, मुद्दाम, आणि त्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही.

"बोटं पाह्यली का?" अम्मा म्हणाल्या. "खामगावच्या जिनात कामाले होते. सरकी काढाच्या मशिनीनं दोन बोटं नेली."

माझ्या अंगात कोर्ट शिरलं. मी विचारलं, "अम्मा, कोणत्या हाताची?"

"डाव्या."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? मी लहान होती त पायटी रोज त्यायच्या संगं दूध आणाले जात होती. बाकीची पोरं उजवा हात धरत, मले डावाच लागे. तीन बोटं माह्या मुठीत बराबर बसत."

आता सांगा, याहून मोठी साक्ष कोणती? जिनं तो हात धरला, ती बाई समोर बसून सांगते आहे. जगात त्या माणसाला पाहिलेली ती एकटी उरली आहे. आणि मी काय केलं? मी पत्रा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "मग हे ते नाहीत. हा पाहा, उजवा हात आहे. उजव्या हाताची बोटं गेलेली आहेत. डावा खिशात आहे."

अम्मांनी तोंड उघडलं. मी बोलतच होते. त्या काळी जिनांत कितीजणांची बोटं जात, फेट्यावरून हा माणूस कुठलाही असू शकतो, ऑपरेशनला महिनाच झालाय, डोळ्यांना अजून सवय नाही, आणि अम्मा, माया असली की माणसाला हवं ते दिसतं. हे सगळं मी चांगल्या मनानं बोलले, गोड आवाजात. तेच जास्त वाईट. भाई एकदा माझ्याकडे आणि एकदा आईकडे पाहत होता.

अम्मांनी पत्रा परत घेऊन खूप वेळ पाहिला. आपला स्वतःचा डावा हात वर केला, मग उजवा. मग पत्रा माझ्या हातात दिला.

"अशीन बाई," त्या म्हणाल्या. "तू शिकेल हायेस. म्हातारीचं डोकं."

भाई म्हणाला, "आपा, आमचा नाही तर तुमचा. घेऊन जा." आणि मी तो घेऊन गेले. सातही नेले. त्या रात्री मी आनंदानं कार्डं लिहिली. माझ्याकडे प्रत्येक फोटोचं एक कार्ड असतं, त्यावर मी काय काय दिसतं ते लिहिते. त्याच्या कार्डावर लिहिलं: 'जिनिंगमधला कामगार असावा. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. ओळख पटत नाही.'

नंतरच्या चार वर्षांत भाई अधूनमधून आईबद्दल बोलायचा. तक्रार म्हणून नाही, असंच. अम्मा आता पहिल्यासारख्या गोष्टी सांगत नाहीत म्हणे. पूर्वी सुट्टीत धामणगावला पोरं जमली की त्यांना रझाकारांच्या वेळच्या, जुन्या बाजाराच्या, आपल्या लग्नातल्या बैलगाड्यांच्या गोष्टी सांगायच्या. पोरं कंटाळली तरी सोडायच्या नाहीत. आता कोणी विचारलं तर म्हणतात, मले बराबर आठवत नाही बापा, कोण्या शिकेल माणसाले विचारा. एकदा तर त्यांनी भाईलाच विचारलं, माहं लग्न मोताळ्याले झालं ना रे? का मी तसंच धरून बसली?

मी हे ऐकून काय म्हणत असेन? मी म्हणे, "वय झालं भाई. नव्वदीत असं होतंच." वर एखादं टॉनिकही सुचवलं असेल. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की ही बाई विसरत नाहीये, तिनं स्वतःवरचा विश्वास काढून घेतला आहे, आणि तो मी काढायला लावला.

मला शहाणं केलं माझ्या सुनेनं. ती नवऱ्यामुली सजवायचं काम करते. लग्नसराईत आमच्या घरात पिना आणि गजरे पायाखाली येतात. गेल्या हिवाळ्यात एका नवरीला जुन्या पद्धतीचा साज हवा होता, म्हणून सून माझ्या कपाटातले बायकांचे फोटो काढून बसली. पुठ्ठ्यावरचे पाहून झाले, मग त्या सातांतला एक पत्रा तिनं उचलला. त्यात एक नवी नवरी आहे, अंगभर दागिने, एवढी मोठी नथ.

"आई," ती म्हणाली, "ही अशी काऊन? नथ उजव्या बाजूला हाय."

"घातली असेल एखादीनं."

"उजवीकडे? आपल्याकडे? आणि पदरही उलटा? नवरीला कोणी असं तयार करून दिलं तर सासू परातच फेकून मारेल." तिनं पत्रा जरा दूर धरला. "आई, हा सेल्फीसारखा झालाय. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात माझा तीळ दुसऱ्या गालावर जातो ना, तसा. आरशातला हाय हा."

मी तिच्या हातातून पत्रा ओढून घेतला. मग बाकीचे सहा काढले. भिंग घेऊन खिडकीत बसले. पुरुषांच्या कोटाची बटणं सगळ्यांची चुकीच्या बाजूनं लावलेली. एकाच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे. आणि त्याच्या कार्डावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'शिंप्याची चूक?'

शिंप्याची चूक! एवढ्या माणसांचा एकच शिंपी आणि तो जन्मभर चुकत बसला होय? मी ते कार्ड फाडलं. पुठ्ठ्यावरचे फोटो काचेवरून कागदावर उतरतात, दोनदा उलटून सुलटे होतात. पत्र्यावर माणूस थेट उमटतो, एकदाच, आरशात दिसतो तसा. हे मी कुठंतरी वाचलंही होतं. वाचलं, मान डोलावली आणि पुढं गेले. डावा तो उजवा दिसतो. उजवा तो डावा. त्या माणसाची डाव्या हाताची बोटं गेली होती.

चार वर्षं. नव्वदीतल्या बाईची चार वर्षं म्हणजे काय असतात, हे मला माझ्या सत्तरीजवळ कळायला हवं होतं. मी भाईला फोन लावला.

"भाई, उद्या धामणगावले जायचं आहे. अम्मांकडं."

"काऊन आपा? काय झालं?"

"मी गाढव आहे म्हणून."

"ते तं फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं," भाई म्हणाला. मग मी त्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "सकाळच्या गाडीनं जाऊ."

दुसऱ्या दिवशी मोताळ्यावरून जाणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि पत्रा रुमालात गुंडाळून पर्समध्ये. रस्त्यात भाईनं मला दोनदा शेंगदाणे दिले, मी दोनदा नाही म्हटलं. मला भीती वाटत होती. कोर्टात मी खुनाच्या खटल्यांच्या नकला काढल्या आहेत, तेव्हा नव्हती वाटली अशी.

अम्मा अंगणात उन्हात बसून सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांच्या मोठ्या सुनेनं आम्हाला पाणी दिलं, खुर्च्या टाकल्या. मी खुर्चीवर बसले नाही, अम्मांच्या समोर जमिनीवर बसले. पत्रा काढून त्यांच्या सुपाशेजारी ठेवला.

"अम्मा, माझं चुकलं. हे तुमचे दादाअब्बाच आहेत."

त्यांनी पत्रा पाहिला, उचलला नाही. डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"नाही व. उजवा हात हाय त्यायचा. तूच त सांगितलं."

"मी चूक सांगितलं. हा पत्र्याचा फोटो आहे, अम्मा. पत्र्यावर माणूस उलटा उमटतो, डाव्याचं उजवं होतं..."

"तू मागच्या टायमालेही असंच बराबर समजावून सांगितलं होतं," अम्मा म्हणाल्या. रागानं नाही. शांतपणे. आणि परत डाळ निवडायला लागल्या.

भाई आईला काहीतरी सांगायला लागला तर त्यांनी त्यालाही हातानं थांबवलं. "राहू दे बापा. आता कायले? माही काही तक्रार हाय का?"

तेव्हा मी उठले. ओसरीवर खिळ्याला गोल आरसा टांगलेला होता, घरातले पुरुष दाढी करतात तसला, लाल प्लास्टिकच्या कडेचा. तो काढून आणला, अम्मांच्या समोर परत बसले. त्यांच्या मांडीवरचं सूप बाजूला केलं, विचारलंही नाही. एका हातात पत्रा धरला, दुसऱ्या हातात आरसा, आणि आरसा असा वळवला की त्यांना पत्र्यातला माणूस त्यात दिसावा.

"पत्र्याकडं नका पाहू. आरशात पाहा. आता सांगा कोणता हात."

अम्मांनी चष्मा सारखा केला. वाकल्या. आरशात तो माणूस सुलटा झाला होता. तिपाईवरचा हात आता डावा होता, उजवा खिशात. फेट्याचा शेमला दुसऱ्या खांद्यावर गेला होता. आणि चेहराही बदलला होता. माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतोच, हे मला माहीत असूनही मी दचकले. भुवई चढलेली होती ती आता दुसरीकडे चढलेली, आणि त्यामुळं तो मिस्कील दिसत होता.

अम्मांनी आपलं बोट आरशाच्या काचेवर ठेवलं, बरोबर त्या तीन बोटांवर.

"दादाअब्बा," त्या म्हणाल्या.

मी आरसा खाली घेतला नाही. अम्मा पाहत राहिल्या, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तो चेहरा मी विसरणार नाही.

"मले त पयल्या झटक्यात ओयखू आले होते," त्या म्हणाल्या. "पयल्या झटक्यात! आन् मी तुह्यं ऐकलं."

"चुकलं माझं, अम्मा. माफ करा."

"तुह्यं चुकलं त्याचं काय? मानसाचं चुकते. मी माह्या डोयाले खोटं पाडलं, ते कोनाले सांगू? रात्री पडल्या पडल्या मले वाटे, हे खोटं त मंग अब्बा कसे दिसत तेही खोटंच अशीन. माय कशी होती तेही. सगयंच मी मनानं केलं अशीन." त्यांनी घराकडं हात केला. "चार वर्सं मी लेकरायले काही सांगितलं नाही व. लहानी पोट्टी चार वर्साची झाली, तिले माहं एक अक्षर माहीत नाही."

मी रडले. सांगायला लाज कसली, अंगणात बसून, त्यांच्या सुनेसमोर, भाईसमोर, पदर तोंडाला लावून रडले. अम्मांनी मला रडू दिलं. त्यांनी आरसा माझ्या हातातून घेतला, पत्राही घेतला, आणि स्वतःच धरून पुन्हा पाहायला लागल्या. आरसा जवळ, आरसा लांब. आणि मग एकाएकी त्या हसल्या. पोटातून हसल्या. भाई घाबरून उठला.

"अरे, असंच केलं होतं!" अम्मा म्हणाल्या. "या अल्ला, असंच केलं होतं! मी कशी इसरली? दादाअब्बा सांगत आम्हाले हे."

"काय केलं होतं?" मी विचारलं. "कुणी? हा फोटो तुमच्याकडं होता का? मग तो मलकापूरला कसा..."

"तू आता बस," अम्मा म्हणाल्या. "आन् मधी बोलू नको."

मी गप्प बसले.

मग त्यांनी सांगितलं. दादाअब्बांची बोटं गेली तेव्हा त्यांची आई इकडे त्यांच्या गावी होती. खामगावहून सरकीच्या गाड्या येत, त्या गाडीवानांपैकी कोणीतरी निरोप आणला, की तुझ्या पोराचा डावा हात मशिनीत गेला. हात गेला, एवढंच. बोटं म्हणाला नाही. आईनं भाकर सोडली. पोराला जखम, ताप, त्याला येता येईना. कोणी कितीही सांगितलं की दोन बोटंच गेली, तरी ती म्हणे, मला समजूत घालता, मला माहीत आहे. तेव्हा खामगावच्या बाजारात एक फोटोवाला तंबू टाकून बसला होता. दादाअब्बा त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, माझा फोटो काढ, आणि हा हात पुढं दिसू दे. फोटोवाल्यानं दोन काढले. एक त्यांना दिला, एक आपल्या तंबूच्या दारात लावायला ठेवून घेतला; तोच पुढं फिरत फिरत मलकापूरला पोचला असणार.

"त्यायचा भाऊ घेऊन आला तो पत्रा," अम्मा सांगत होत्या. "मायच्या हातात देला. मायनं पाह्यलं, आन् अशी किंकायी फोडली की सगयी गल्ली गोया झाली. काऊन? त एक हात दिसेच ना, आन् दुसऱ्याचीही दोन बोटं नाहीत! ती म्हणे, डावा त गेलाच, आता उजव्याचीही बोटं गेली, आन् तुम्ही मले सांगतही नव्हते!"

भाईनं तोंडावर हात ठेवला. मला ओरडावंसं वाटलं. मी नाही ओरडले.

"भावाले काही समजे ना. मंग तो न्हाव्याकडं पयाला, त्याचा आरसा घेऊन आला. असा धरला मायपुढं. म्हणे, हे पाय, हा डावा हाय. उजवा खिशात हाय, जिता हाय. माय म्हणे, खिशात काऊन घातला मंग? त भाऊ म्हणे, अव, कोट त्या फोटोवाल्याचा. त्याले जिंदगीत पयल्यांदा खिसा भेटला, त हात घालून पायत होता!"

अम्मा हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. दारात त्यांची चार वर्षांची पणती येऊन उभी राहिली होती, हे काय चाललंय ते बघत. अम्मांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं, मांडीवर घेतलं आणि तिच्या हातात तो आरसा दिला. पोरीनं आधी स्वतःचंच तोंड पाहिलं. मग अम्मांनी पत्रा समोर धरून तिला नीट दाखवलं आणि बाकीचं तिलाच सांगितलं, आमच्याकडे न पाहता.

त्यांच्या दादाअब्बांच्या आईनं न्हाव्याचा आरसा दोन्ही हातांनी धरला. लेकाच्या डाव्या हातावर बोट ठेवून मोजलं. एक. दोन. तीन. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग तिनं भाकर मागितली आणि जेवली.